टाच महिनोन्‌महिने दुखतेय? आधी काय करायचं, मग काय, आणि इंजेक्शन कधी

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंत धरत, चवड्यावर लंगडत बाथरूम गाठावं लागतं. दहा-बारा पावलांत पाय मोकळा होतो, पण दुपारी अर्धा तास खुर्चीत बसून उठलं की पुन्हा तीच कळ. हे वर्णन तुमच्या टाचेशी जुळत असेल तर ते बहुधा प्लांटर फॅशियायटिस आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. तो हाडाला जिथे चिकटतो तिथे झिजलेला असतो.

पुढचं सगळं तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यासाठी आहे. अशा माणसाने सहसा सगळं काही करून पाहिलेलं असतं. गोळ्या झाल्या, गरम पाण्यात पाय बुडवून झाले, बॉल फिरवून झाला, मऊ चप्पल आणून झाली, आणि यातलं प्रत्येक आठ-दहा दिवस. या सगळ्यात एक गोष्ट जवळजवळ कायम राहून जाते, ती म्हणजे त्या पट्ट्याला पुन्हा वजन पेलायला शिकवणं. बाकीच्या उपायांनी दुखणं दबतं, पण सोसण्याची ताकद वाढत नाही. म्हणून चप्पल बदलली किंवा लग्नात दिवसभर उभं राहिलं की दुखणं परत येतं.

आधी खात्री करा

खुर्चीत बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. एका हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेची गादी संपून कमान सुरू होते तिथे, आतल्या कडेला दाबा. एकाच बोटभर जागेवर 'इथेच!' असं होत असेल तर निदान जवळपास पक्कं. सोनोग्राफीत हा पट्टा ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर दुजोरा मिळतो, पण सुरुवातीलाच ती करून घ्यायची गरज नसते.

काही लक्षणं मात्र वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतात. टाचेच्या बरोबर मध्यभागी, ठेच लागल्यासारखं दुखत असेल आणि चालून मोकळं न होता वाढत जात असेल, तर गादीच झिजलेली असू शकते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. धावणाऱ्यांत आणि हाडं ठिसूळ झालेल्यांत हे दिसतं. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर शीर दबलेली असू शकते. पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जावं. अशा वेळी टाचेवर कितीही व्यायाम केला तरी मूळ आजार तसाच राहतो. झोपेत, पाय हलवला नसतानाही दुखणं, ताप, सूज, किंवा पडल्यानंतर पाय टेकताच न येणं, यात घरगुती प्रयोग करू नयेत.

'टाचेचं हाड वाढलंय' हे वाक्य एक्स-रे पाहून हमखास ऐकायला मिळतं. असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही दिसतो, आणि टाच बरी झाल्यावरही तो तिथेच असतो. तो काढून टाकण्याच्या मागे लागू नका. युरिक ॲसिडचंही तसंच. रिपोर्टमध्ये ते थोडं वर दिसलं म्हणून टाच दुखत नाही. युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या गाऊटचा झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात, रातोरात, लालभडक सूज घेऊन येतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते हाडांसाठी भरून काढावं, त्याने टाच बरी होईल या आशेवर मात्र थांबू नये.

नावात 'आयटिस' असल्याने ही सूज आहे असं वाटतं. २००३ साली अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा त्यांत सुजेपेक्षा तंतूंची झीज दिसली. म्हणूनच सुजेच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि गोळी थांबली की पहिले पाढे पंचावन्न. पित्त, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी या गोळ्या मनाने महिनाभर घेत राहू नयेत.

पलंगावरची तीन मिनिटं

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि पहिलं पाऊल त्याला एका झटक्यात ताणतं. म्हणून ताण पाऊल टाकण्याच्या आधी द्यायचा. उठून बसा, पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटांच्या मुळाशी धरून ती नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवा. कमानीखाली तानपुऱ्याच्या तारेसारखं काहीतरी ताठ लागलं पाहिजे. ते लागत नसेल तर तुम्ही फक्त बोटांची टोकं वाकवताय, पकड आणखी मागे घ्या. १० सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा. दिवसातून तीनदा, त्यातलं पहिलं पाय जमिनीला लागण्याआधी आणि एक बराच वेळ बसून उठण्याआधी.

मग उशाशी ठेवलेली चप्पल पायात घाला आणि उठा. चप्पल दाराशी ठेवलेली असेल तर तिथपर्यंतची पंधरा पावलं गार फरशीवर अनवाणी पडतात, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

पोटरीचे ताण याला जोडून. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, ३० सेकंद. मग तीच स्थिती ठेवून मागचा गुडघा थोडा वाकवा, आणखी ३० सेकंद. प्रत्येकी तीनदा. गुडघा वाकवल्यावर पोटरीचा खालचा स्नायू ताणला जातो, तो बहुतेक जण विसरतात. मागचं पाऊल बाहेर वळलं तर ताण निसटतो, बोटं भिंतीकडेच राहू द्या.

खरा इलाज: पायरीवरचा व्यायाम

डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त ताण, दुसऱ्या गटाला वजन पेलायचा व्यायाम, आणि दोघांनाही टाचेखाली मऊ गादी. तीन महिन्यांनी वजनवाला गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षभराने दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे या व्यायामाने बरं होणं लवकर येतं. वर्षभर लंगडणं आणि तीन महिन्यांत सुटणं यातला फरक ज्याला भोगावा लागतो त्याला तो लहान वाटणार नाही.

लागतं काय? जिन्याची एक पायरी, धरायला कठडा, आणि एक पंचा किंवा हात पुसायचा नॅपकिन. नॅपकिनची घट्ट गुंडाळी करा आणि पायरीच्या काठाशी ठेवा. बोटं गुंडाळीवर अशी चढवा की ती वर वळलेली राहतील. चवडा पायरीवर, टाच हवेत. ही गुंडाळी टाळू नका. बोटं वर वळली की तळव्याचा पट्टा रहाटावरच्या दोरीसारखा चवड्याच्या हाडांभोवती ओढला जातो आणि वजन थेट त्याच्यावर येतं. गुंडाळीशिवाय केलं तर तो नुसता पोटरीचा व्यायाम होतो.

दुखऱ्या पायावर उभं राहून ३ सेकंदांत टाच वर न्या, वर २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत पायरीच्या पातळीखाली सोडा. एका वेळेला ८ सेकंद लागतात, बारा वेळांना दीड मिनिटाहून थोडं जास्त. तुमचे बारा अर्ध्या मिनिटात उरकत असतील तर तुम्ही उड्या मारताय. घड्याळ लावा किंवा मनात आकडे मोजा.

पहिले दोन आठवडे १२ वेळांचे तीन फेरे. फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं विसावा. हे एक दिवसाआड करायचं, रोज नाही, कारण तंतूंना भरून यायला मधला दिवस लागतो. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीला सॅक लावा, तीत वह्या-पुस्तकं किंवा कणकेची ५ किलोची पिशवी ठेवा, आणि १० वेळांचे चार फेरे करा. पाचव्या आठवड्यापासून वजन आणखी वाढवून ८ वेळांचे पाच फेरे. वजन किती? शेवटची एक-दोन उचल जेमतेम जमेल इतकं. शेवटची उचलही गप्पा मारत होत असेल तर वजन कमी आहे.

एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा. वर दोन्हींनी जा, खाली येताना वजन हळूहळू दुखऱ्या पायावर घ्या. वय जास्त असेल किंवा तोल जात असेल तर पायरी सोडा, स्वयंपाकाचा ओटा धरून सपाट जमिनीवर, गुंडाळी बोटांखाली ठेवून करा.

व्यायाम करताना थोडं दुखतं. दहापैकी तीन-चार गुणांइतकं दुखणं चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होते. पहिलं पाऊल नेहमीइतकंच दुखलं तर प्रमाण बरोबर आहे. ते नेहमीपेक्षा जास्त दुखलं आणि दिवसभर तसंच राहिलं, तर एक फेरा किंवा निम्मं वजन कमी करा. व्यायाम बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'याने तर वाढलंच' म्हणून सोडून देणारे सर्वात जास्त, आणि फरक बहुधा सहाव्या ते बाराव्या आठवड्यात कळायला लागतो. कॅलेंडरवर रोज सकाळच्या पहिल्या पावलाला शून्य ते दहा गुण लिहून ठेवा. रोजचे चढउतार फसवे असतात, महिन्याचं पान खरं सांगतं.

फरशी, ओटा आणि चप्पल

आपल्याकडे घरात चप्पल घालायची नाही ही शिस्त, आणि पायाखाली शहाबाद, ग्रॅनाइट नाहीतर व्हिट्रिफाइड फरशी. त्यावर दीड तास उभं राहून पोळ्या. या टाचेला ही तिन्ही एकत्र झेपत नाहीत. घरासाठी वेगळी, बाहेर कधीच न नेलेली चप्पल ठेवा, म्हणजे सासूबाईंचाही आक्षेप उरत नाही. ओट्यापुढे १०-१२ मिलिमीटर जाडीची रबरी चटई किंवा योगा मॅटची दुहेरी घडी टाका. कणीक मळणं, भाजी चिरणं बसून होऊ शकतं. देवघरापुढची पाच मिनिटं अनवाणी गेली तर काही बिघडत नाही.

चप्पल निवडताना ती हातात घेऊन वाकवा. बोटांच्या जागी वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवा. टाचेखाली बोटांपेक्षा सेंटिमीटरभर जास्त उंची आणि कमानीखाली थोडा फुगवटा हवा. अंगठा आत दाबल्यावर दबून परत वर येईल असा तळ हवा. अंगठा रुतूनच बसला तर ती चप्पल महिनाभरात चपटी होणार. हवाई चप्पल या दुखण्यात वाईट, कारण ती निसटू नये म्हणून बोटं सतत आवळावी लागतात. कोल्हापुरी दिसायला देखणी, पण तळ कडक आणि सपाट, ती बरं होईपर्यंत कपाटात राहू दे. एमसीआर रबराच्या चपला टाचेला मऊ असतात, पण वर्षभर वापरून चेपलेली एमसीआर आणि साधी स्लिपर यात फरक उरत नाही.

बुटात घालायचे तयार इनसोल आणि मापाचे करून घेतलेले महागडे इनसोल यांची तुलना झालेल्या अभ्यासांत दुखणं कमी होण्यात मोठा फरक दिसलेला नाही. तयार जोडीपासून सुरुवात करा. पाऊल फार सपाट असेल किंवा ठेवण वेगळी असेल तरच मापाच्या इनसोलवर खर्च करावा. सिलिकॉनची टाचगादी घेतली तर दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर बोलायला लागते.

लग्नकार्य, परीक्षेची पाळी, बंदोबस्त, असा उभं राहण्याचा दिवस समोर असेल तर टेप उपयोगी पडतो. ३.८ सेंटिमीटर रुंदीचा, न ताणला जाणारा टेप घ्या. पाऊल काटकोनात, बोटं सैल. पहिली पट्टी करंगळीच्या मुळापासून पावलाच्या बाहेरच्या कडेने, टाचेला मागून वळसा घालून, आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळापर्यंत. मग तळव्यावर आडव्या पट्ट्या बाहेरून आत ओढत, टाचेच्या पुढून कमानीपर्यंत तीन-चार, प्रत्येक मागचीवर अर्धी चढलेली. शेवटी पहिल्यासारखीच एक पट्टी सगळ्यांवरून. पावलाच्या वरच्या बाजूला टेप पूर्ण गोल गुंडाळू नका, उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि पट्टी काचते. खाज आली की काढा, नाहीतर दोन दिवसांनी काढा.

सकाळची कळच मुख्य तक्रार असेल तर रात्रीचा स्प्लिंट एक ते तीन महिने घालून बघावा. तो घोटा काटकोनात धरून ठेवतो. पहिल्या रात्रीच आठ तास घालायला गेलात तर मध्यरात्री फेकून द्याल. संध्याकाळी टीव्हीपुढे दोन तास घालून सवय करा. बोटं बधिर झाली तर पट्टा सैल करा.

शेक, वीट, बिब्बा

तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकणं गावोगावी चालतं. ऊब बरी वाटते, तेवढाच तिचा उपयोग. गोठवलेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवली तरी तेवढाच. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर मात्र वीट, गरम पाणी आणि बर्फ तिन्ही वर्ज्य. कातडी भाजली तरी कळत नाही, आणि टाचेची जखम भरायला महिने लागतात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. बिब्बा तर कोणीच लावू नये, त्याने फोड येतात आणि कातडी जळते. आयुर्वेदात या दुखण्याला वातकंटक म्हणतात आणि त्यावर अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या सळईचे चटके, करतात. ते करायचंच असेल तर शिकलेल्या वैद्याकडे, आणि मधुमेह असेल तर नको.

एवढं करूनही राहिलं तर

व्यायाम बारा आठवडे नेमाने झाला, चप्पल बदलली, आणि पहिल्या पावलाचे गुण हललेच नाहीत, तर पुढची पायरी शॉकवेव्ह. यंत्राच्या टोकातून टाचेवर ठोके दिले जातात, साधारण २,००० ठोक्यांची एक बैठक, आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच बैठका. दुखतं, पण सोसवतं. जागा बधिर करून घेऊ नका, त्याने परिणाम कमी होतो, शिवाय दुखरी जागा नेमकी कुठे ते तुम्हीच सांगायचं असतं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून तिसऱ्या बैठकीनंतर 'पैसे पाण्यात' असं ठरवू नका. गरोदरपणात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हा उपाय टाळतात. फिजिओथेरपीतल्या साध्या अल्ट्रासाउंडला शॉकवेव्ह समजू नका, ती दोन वेगळी यंत्रं आहेत.

स्टेरॉइडचं इंजेक्शन अनेकांना पहिल्याच भेटीत हवं असतं. ऑस्ट्रेलियातल्या ८२ रुग्णांच्या २०१२ सालच्या चाचणीत ते चार आठवड्यांना दुखणं कमी करताना दिसलं, आठ आणि बारा आठवड्यांना तो फायदा उरला नव्हता. त्याचा योग्य उपयोग एकच, दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल तर ती महिन्याभराची उसंत मिळवणं. इंजेक्शन घेऊन व्यायाम केला नाही तर महिन्याने तुम्ही होतात तिथेच असता. वारंवार घेतल्यास टाचेची गादी पातळ होते आणि पट्टा तुटू शकतो. तुटतो तेव्हा तळव्यात 'टप्' असं जाणवतं, कमानीखाली काळंनिळं होतं, आणि जुनं दुखणं एकदम कमी झालेलं पाहून माणूस खूश होतो. नंतर कमान बसते आणि पावलाची बाहेरची कड दुखायला लागते. इंजेक्शन सोनोग्राफीत बघून द्यायला सांगा, आणि नंतर दोन आठवडे धावणं-उड्या बंद. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, घरी तपासत राहा.

पीआरपीत तुमचंच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टाचेत टोचतात. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्टेरॉइडपेक्षा उशिरा पण जास्त टिकणारा फायदा काहींत दिसतो, काहींत दिसत नाही. पहिला आठवडा दुखणं वाढतं. शॉकवेव्ह करून झाली असेल आणि खर्च झेपत असेल तरच विचार करावा.

शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते, आणि तीही सहा ते बारा महिने बाकी सगळं नीट करून झाल्यावर. पट्ट्याचा आतला भाग कापतात, पूर्ण पट्टा कापला तर कमान खचते. त्याआधी सर्जनना एक प्रश्न विचारा: माझी पोटरी आखडलेली आहे का? गुडघा सरळ असताना पाऊल काटकोनापलीकडे वर येत नसेल आणि गुडघा वाकवल्यावर येत असेल, तर दोष पोटरीच्या वरच्या स्नायूत आहे. अशा रुग्णांत तळव्याला हात न लावता पोटरी सैल करण्याची शस्त्रक्रियाही करता येते.

बरं वाटायला लागलं की चालणं एकदम पूर्ववत करू नका. आधी अर्ध्या तासाचा फेरफटका असेल तर पंधरा मिनिटांपासून, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत, आणि चढ-उताराऐवजी सपाट रस्त्यावर. पायरीवरचा व्यायाम आठवड्यातून दोनदा आणखी सहा महिने चालू ठेवा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालायचा नेम असेल तर पहिल्या वर्षी तो घरापुरता किंवा देवळाच्या आवारापुरता ठेवा. तेही नको वाटत असेल तर सिलिकॉनचा टाचमोजा पायात घालून चाला.